छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटला मोफत सुरक्षा प्रमाणपत्र हवं का? ठरवण्यापासून बसवेपर्यंत

आमच्या साइटवर पाचच पानं होती. कामाची माहिती, काही फोटो, भेटण्याच्या वेळा, फोन नंबर आणि एक चौकशीचा फॉर्म. साइटवर पैसे घेत नव्हतो, कुणाला खातं उघडायला लावत नव्हतो. त्यामुळे सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे साइट आणि ग्राहक यांच्यातलं बोलणं बंदिस्त ठेवायला सर्व्हरवर लावायची एक डिजिटल फाइल, हा बँकांचा आणि मोठ्या ऑनलाइन दुकानांचा विषय, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. मग एका ग्राहकाने मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. आमच्या साइटच्या पत्त्याशेजारी ब्राउझरने लिहिलं होतं, ‘सुरक्षित नाही’. खाली त्यांचा प्रश्न होता, ‘फॉर्म भरू ना? काही होणार नाही ना?’

त्यांना ठामपणे ‘भरा’ म्हणता येईना. पुढचे दोन आठवडे मी वाचत, विचारत, अडत, पुन्हा करत राहिलो. ते सगळं क्रमाने इथे लिहितोय, म्हणजे तुमचं काम एका दुपारीत व्हावं.

घाईत असाल तर उत्तर आधीच घ्या. साइट कितीही छोटी असली तरी प्रमाणपत्र हवं, आणि बहुतेक छोट्या व्यवसायांना मोफतचं पुरतं. खरा निर्णय वेगळाच आहे: या प्रमाणपत्राची मुदत संपत आली की ते नवं कोण करणार? याचं उत्तर तयार नसेल तर मोफत घ्या नाहीतर विकतचं, एक दिवस साइट अडणारच.

१. आधी आपली साइट आज कुठे आहे ते बघा

अनेकांच्या साइटला प्रमाणपत्र आधीच असतं आणि त्यांना ते माहीत नसतं. म्हणून काही विकत घेण्याआधी, कुणाला काम देण्याआधी ही तपासणी करा. पाच मिनिटं लागतात.

ब्राउझरच्या खासगी खिडकीत साइटचा पत्ता पूर्ण टाइप करा, सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ (https://) लावून. मग तोच पत्ता ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा ‘एस’ काढून. मग दोन्ही प्रकार ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय. एकूण चार पत्ते होतात आणि चारही तपासायचे.

- चारही पत्ते शेवटी एकाच ‘एचटीटीपीएस’ पत्त्यावर पोचत असतील आणि कुठे इशारा नसेल, तर प्रमाणपत्र आहे. थेट आठवा टप्पा वाचा.
- साइट दोन्ही प्रकारे उघडते, पण साध्या पत्त्यावर ‘सुरक्षित नाही’ दिसतं. याचा अर्थ प्रमाणपत्र बसलंय, पण लोकांना त्या वाटेने वळवलेलं नाही. सातवा टप्पा.
- ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा पानभर इशारा येतो. प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे, ते दुसऱ्याच नावाचं आहे किंवा सर्व्हरने स्वतःच स्वतःला लिहून दिलेलं आहे.
- ‘एचटीटीपीएस’ने काहीच उघडत नाही, किंवा होस्टिंगवाल्यांचं भलतंच पान उघडतं. मग प्रमाणपत्र नाही असं समजा.

पत्त्याच्या डावीकडे कुलूप दिसत नाही म्हणून घाबरू नका. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये संगणकावरचं कुलपाचं चिन्ह काढून तिथे सेटिंगच्या पट्ट्यांसारखं चिन्ह आणलं. कुलूप बघून लोक साइटच विश्वासू आहे असं समजत होते, हे त्यामागचं कारण. त्या चिन्हावर क्लिक करून आत गेलात की प्रमाणपत्र उघडून बघता येतं: कुठल्या नावासाठी, कुणी दिलं, कधीपासून कधीपर्यंत. ही शेवटची तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.

२. ‘माझ्या साइटवर पैशाचा व्यवहारच नाही’ ही शंका मिटवा

मी इथेच सर्वांत जास्त अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुणी तुमच्या फॉर्ममध्ये नाव, फोन आणि ‘उद्या चार वाजता येऊ का’ असं लिहून ‘पाठवा’ दाबलं, की तो मजकूर त्यांच्या फोनमधून निघतो, वायफायच्या राउटरमधून जातो, तिथून इंटरनेट कंपनीकडे, मग आणखी काही यंत्रांमधून तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवर पोचतो. साध्या एचटीटीपीवर हा मजकूर जसाच्या तसा जातो. वाटेतल्या कोणत्याही टप्प्यावर बसलेल्याला तो वाचता येतो. एचटीटीपीएसवर, म्हणजे प्रमाणपत्र लावून चालणाऱ्या बंदिस्त वाटेवर, तेच बोलणं फोन आणि सर्व्हर या दोघांनाच उलगडतं. वाटेतल्याला फार तर कोणत्या साइटशी संपर्क झाला एवढंच कळतं.

‘पण माझ्याकडे फॉर्मही नाही,’ असं म्हणाल, तर दोन गोष्टी बघा.

पहिली, साइटवर सर्वांत महत्त्वाची माहिती टाइप करणारी व्यक्ती तुम्ही स्वतः आहात. मजकूर बदलायला तुम्ही लॉगिन करता, तेव्हा पासवर्ड त्याच वाटेने जातो. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या मोफत वायफायवरून कधी लॉगिन केलं असेल, आणि साइट साध्या एचटीटीपीवर असेल, तर तो पासवर्ड त्या वायफायवर उघडा फिरला. लॉगिननंतरही प्रत्येक पानासोबत ब्राउझर एक ओळखखूण पाठवत असतो, तिला कुकी म्हणतात. ती हाती लागली तर पासवर्डशिवायही तुमच्या नावाने आत शिरता येतं. माझं मत बदललं ते हे कळल्यावर.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांच्या लक्षात येते. साध्या एचटीटीपीवर वाटेतला माणूस फक्त वाचत नाही, त्याला पान बदलताही येतं. तुमच्या पानात जाहिराती घुसवता येतात, डाउनलोडची लिंक बदलता येते, ‘संपर्क’ पानावरचा फोन नंबर बदलता येतो. तुमच्या सर्व्हरवर सगळं ठीक असतं, तुम्हाला तुमच्या संगणकावर सगळं ठीक दिसतं, आणि ग्राहकाला भलताच नंबर दिसतो. फोन नंबर हेच ज्या साइटचं सगळं भांडवल आहे, तिला हा धोका लहान नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी पानाला ‘सुरक्षित नाही’ म्हणतो, त्यावर फॉर्म असो वा नसो. गूगलने २०१४ मध्येच सांगितलं होतं की शोधनिकालांच्या क्रमात एचटीटीपीएसचा विचार होतो. त्याचं वजन कमी आहे, त्यामुळे ‘प्रमाणपत्र घ्या, पहिल्या पानावर या’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय ग्राहकाचं ठिकाण विचारणं किंवा कॅमेरा वापरणं यांसारख्या सोयी ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटला देतच नाहीत.

आता प्रमाणपत्र काय करत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे समजून घ्या. ते रस्ता सुरक्षित करतं, घर नाही. पासवर्ड सोपा असेल, प्लगइन जुने असतील, बॅकअप नसेल, तर प्रमाणपत्र असूनही साइट हॅक होते. आणि फसव्या साइटवाल्यांनाही प्रमाणपत्र सहज मिळतं. ‘आमच्याकडे एसएसएल (म्हणजे हेच प्रमाणपत्र) आहे, म्हणून आमची साइट शंभर टक्के सुरक्षित’ असं ग्राहकांना लिहून देऊ नका.

मग प्रमाणपत्राचा विचार न करता कुणाचं चालतं? डोमेन फक्त ईमेलसाठी वापरत असाल आणि साइटच नसेल तर. साइट अजून तुमच्याच संगणकावर तयार होत असेल तर. किंवा तयार साइट बनवून देणाऱ्या एखाद्या सेवेवर तुमचं सगळं असेल तर, कारण त्या सेवा बहुधा स्वतःच प्रमाणपत्र लावतात. एक अपवाद मात्र फसवा आहे: डोमेन नुसतं तुमच्या दुसऱ्या पानाकडे वळवलेलं असतं, तेव्हा ‘इथे साइटच नाही, प्रमाणपत्र कशाला’ असं वाटतं. पण कुणी ‘एचटीटीपीएस’ लावून तो पत्ता उघडला, तर वळण्याआधीच इशारा येतो. तिथेही प्रमाणपत्र हवंच.

३. मोफत की विकतचं, हे ठरवा

आधी नावाचा घोळ. एसएसएल आणि टीएलएस या शब्दांनी गोंधळू नका, एचटीटीपीएसवरचं बोलणं बंदिस्त करण्याच्या पद्धतीची ही जुनी आणि नवी नावं आहेत. एसएसएलची शेवटची आवृत्ती १९९६ची. १९९९ पासून त्याची जागा टीएलएसने घेतली, आज वापरात असलेली नवी आवृत्ती, टीएलएस १.३, २०१८ची आहे. बोलताना सगळे अजून एसएसएलच म्हणतात, होस्टिंगच्या पॅनलवरही तेच लिहिलेलं असतं. चालतं.

प्रमाणपत्रं तीन प्रकारची. पहिल्या प्रकारात फक्त एवढंच तपासतात की हे डोमेन तुमच्या ताब्यात आहे. दुसऱ्यात तुमची संस्था खरोखर नोंदलेली आहे का ते कागदपत्रांवरून बघतात. तिसऱ्यात तीच तपासणी जास्त खोलात जाते. मोफत मिळतं ते पहिल्या प्रकारचं.

विकणाऱ्यांकडून तुम्हाला ऐकायला मिळेल की विकतच्यात ‘जास्त मजबूत’ सांकेतिकीकरण असतं. हे खरं नाही. बोलणं किती घट्ट कुलुपात जाणार हे तुमचा सर्व्हर आणि ग्राहकाचा ब्राउझर आपसात ठरवतात. प्रमाणपत्राच्या किमतीचा त्याच्याशी संबंध नाही. पूर्वी तिसऱ्या प्रकारच्या प्रमाणपत्राला ब्राउझर पत्त्याशेजारी कंपनीचं नाव ठळक दाखवायचे. २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ते तिथून हलवलं, त्यामुळे येणाऱ्या ग्राहकाला आज तिन्ही प्रकार सारखेच दिसतात.

मोफत प्रमाणपत्रांची मोठी व्यवस्था म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था ती चालवते. पहिलं प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये दिलं गेलं, डिसेंबर २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ‘फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार’ ही शंका मलाही होती. गोम अशी नाही, अट आहे: प्रमाणपत्राची मुदत साधारण ९० दिवसांची असते आणि फोनवर मदत करणारं कुणी नसतं.

मुदत कमी म्हणून विकतचं घ्यावं असं वाटेल, तर हे लक्षात घ्या. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये सर्वांसाठीच मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. आधीची कमाल मर्यादा ३९८ दिवसांची होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे वर्षाचे पैसे भरलेत तरी वर्षातून अनेकदा नवं प्रमाणपत्र लावावंच लागणार. हाताने वर्षातून एकदा बदलायची पद्धत विकतच्यातही संपत आली आहे.

विकतचं कधी घ्यावं? एखाद्या मोठ्या ग्राहकाच्या करारात संस्थेचं नाव असलेलं प्रमाणपत्र मागितलं असेल. किंवा तुमच्याकडे तांत्रिक माणूसच नाही आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारं कुणी हवंय. अशा वेळी तुम्ही मदतीचे पैसे देत आहात, जास्त सुरक्षेचे नाही, हे मनात स्पष्ट असू द्या. आणि तुमचे होस्टिंगवाले मोफत प्रमाणपत्र लावूच देत नसतील आणि फक्त स्वतःचं विकत असतील, तर माझा सल्ला होस्टिंग बदलण्याचा आहे.

४. हाताशी काय ठेवायचं

काम सुरू केल्यावर ‘हे लॉगिन कुणाकडे आहे’ यात अर्धा दिवस जातो. साइट कधीतरी दुसऱ्याकडून बनवून घेतलेली असेल तर जास्तच. म्हणून आधी जमवा:

- डोमेन जिथे नोंदवलंय तिथलं लॉगिन
- डीएनएस, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदी, जिथे सांभाळलं जातं तिथलं लॉगिन (हे डोमेनवाल्यांकडे, होस्टिंगवाल्यांकडे किंवा तिसरीकडेच असू शकतं)
- होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलचं लॉगिन
- साइटच्या ॲडमिनचं लॉगिन
- फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा ताजा बॅकअप, होस्टिंगच्या बाहेर उतरवून घेतलेला
- तुमच्या सगळ्या उपडोमेनांची (मुख्य डोमेनच्या आधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यांची) यादी
- या सगळ्या खात्यांना जोडलेला, तुम्ही रोज बघता असा ईमेल पत्ता

मोफत प्रमाणपत्रासाठी ओळखपत्र, व्यवसाय नोंदणी, सही-शिक्का यांपैकी काहीच लागत नाही. कुणी मागत असेल तर ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराचं प्रमाणपत्र विकत आहेत, नाहीतर त्यांना तुमची कागदपत्रं भलत्याच कामासाठी हवी आहेत. दोन्ही वेळा थांबा आणि विचारा.

मग होस्टिंगवाल्यांना चार प्रश्न लेखी पाठवा: माझ्या योजनेत मोफत प्रमाणपत्र आहे का? ते आपोआप नवं होतं का? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि उपडोमेनंही त्यात येतात का? नूतनीकरण फसलं तर मला कोणत्या पत्त्यावर कळवता? चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं जातं. पुन्हा विचारा.

५. आपला मार्ग निवडा

छोट्या व्यवसायांपैकी बहुतेकांची साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर असते. तिथे कंट्रोल पॅनलमध्ये ‘एसएसएल’ नावाचा विभाग असतो आणि काम बटणावर होतं. हाच सर्वांत सोपा मार्ग.

स्वतःचा सर्व्हर असेल तर सर्टबॉट हे मोफत साधन वापरा. ते इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनचं आहे, प्रमाणपत्र आणतं, सर्व्हरला लावतं आणि पुढे नवंही करत राहतं. यासाठी कमांड लाइनची सवय मात्र हवी.

तिसरा मार्ग म्हणजे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा साइटच्या पुढे उभी करणं. ग्राहक त्यांच्या सर्व्हरशी बोलतो, ते तुमच्या सर्व्हरशी बोलतात. इथे एक मोठा सापळा आहे. त्यात ‘फ्लेक्सिबल’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला तर ग्राहकापासून त्यांच्यापर्यंतचा रस्ता बंदिस्त, पण तिथून तुमच्या होस्टिंगपर्यंतचा उघडाच राहतो. ब्राउझरला हे दिसत नाही, इशारा येत नाही, आणि काम झालं असं वाटतं. तुमच्या होस्टिंगवरही प्रमाणपत्र लावा आणि ‘फुल स्ट्रिक्ट’ हा पर्याय निवडा.

एक मार्ग टाळा. काही साइट ब्राउझरमध्येच प्रमाणपत्र तयार करून देतात, ते उतरवून तुम्ही पॅनलमध्ये चिकटवायचं. पहिल्यांदा छान वाटतं. पण दर तीन महिन्यांनी तेच हाताने करावं लागतं, आणि तीन महिन्यांनी तुम्ही दुसऱ्या कामात असता.

६. प्रमाणपत्र बसवा

पॅनलमध्ये एसएसएल विभाग उघडा, डोमेन निवडा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट सगळ्या नावांवर खूण करा, बटण दाबा. सगळं जागेवर असेल तर काही मिनिटांत होतं. होत नसेल, तर आत काय चाललंय ते कळल्याशिवाय चूक सापडत नाही, म्हणून ते सांगतो.

प्रमाणपत्र देणारी संस्था तुमच्या सर्व्हरला एक सांकेतिक शब्दमाला देते आणि ती साइटवर ‘वेल-नोन’ नावाच्या ठरलेल्या फोल्डरात एका फाइलमध्ये ठेवायला सांगते. मग ती बाहेरून, साध्या एचटीटीपीने, ती फाइल वाचायला येते. वाचता आली तर डोमेन तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं. दुसरी पद्धत म्हणजे तीच खूण डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद म्हणून (साध्या मजकुराची नोंद) ठेवणं. सगळ्या उपडोमेनांसाठी एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र हवं असेल तर ही दुसरी पद्धतच लागते.

यावरून नेहमीचे अडथळे आपोआप कळतात:

- डोमेन अजून जुन्या होस्टिंगकडे बोट दाखवतंय. फाइल नव्या सर्व्हरवर आहे, तपासणारा जुन्याकडे जातोय.
- डीएनएसमध्ये आयपीव्ही-६ची जुनी नोंद उरली आहे (सर्व्हरच्या आकडी पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, जुनी आयपीव्ही-४ आणि नवी आयपीव्ही-६). तुमच्या घरून साइट नीट उघडते, कारण तुम्ही आयपीव्ही-४ने जाता. तपासणारा मात्र आयपीव्ही-६ला प्राधान्य देतो. या नोंदीने मला पूर्ण एक संध्याकाळ दमवलं.
- सुरक्षेचा एखादा प्लगइन किंवा फायरवॉल त्या फोल्डराकडे जाऊ देत नाही, किंवा साधं एचटीटीपी ज्यातून येतं ते सर्व्हरचं ८० नंबरचं दार (पोर्ट) बंद आहे.
- कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावं हे सांगणारी, सीएए नावाची डीएनएस नोंद आहे आणि तिच्यात भलत्याच संस्थेला परवानगी दिलेली आहे.

चुकलं की पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. लेट्स एन्क्रिप्टच्या मर्यादा आहेत: एका नावासाठी तासाला पाच फसलेले प्रयत्न, आणि त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाच प्रमाणपत्रं. मर्यादा ओलांडलीत तर चूक सापडूनही थांबून राहावं लागतं. सर्टबॉटमध्ये ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालमीची सोय आहे. आधी ती करा.

आणखी एक. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये जातं आणि त्यातली नावं कुणालाही शोधता येतात. एखाद्या गुप्त कामाचं किंवा ग्राहकाचं नाव उपडोमेनात घातलं असेल, तर ते उघड होईल हे धरून चाला.

७. सगळ्यांना नव्या पत्त्यावर वळवा

प्रमाणपत्र बसलं तरी जुन्या लिंकवरून येणारे साध्या एचटीटीपीवरच येतात. त्यांना वळवायला ३०१ म्हणजे कायमचं वळण लावायचं. पॅनलमध्ये ‘फोर्स एचटीटीपीएस’ असं बटण असेल तर तेच वापरा. पॅनलमध्ये, प्लगइनमध्ये आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये अशा तीन ठिकाणी वळणं लावलीत, तर ती एकमेकांकडे फिरवत बसतात आणि ब्राउझर ‘खूप वेळा वळवलं’ म्हणून हात टेकतो. एकाच ठिकाणी लावा.

वर्डप्रेस असेल तर सेटिंगमध्ये साइटचे दोन पत्ते असतात, दोन्ही एचटीटीपीएस करा. मग पानांच्या आतले पत्ते. एखादा जुना फोटो किंवा स्क्रिप्ट अजून साध्या एचटीटीपीने मागवला जात असेल, तर पान एचटीटीपीएसवर असूनही पूर्ण सुरक्षित धरलं जात नाही. स्क्रिप्ट तर ब्राउझर अडवतोच, त्यामुळे नकाशा, स्लाइड शो किंवा फॉर्म अचानक बंद पडतो. ते बदलताना डेटाबेसमध्ये थेट ‘शोधा आणि बदला’ करू नका. वर्डप्रेस काही सेटिंग अक्षरांची संख्या मोजून साठवतं. ‘एस’ वाढला की मोजणी चुकते आणि ती सेटिंग वाचता येत नाहीत. त्यासाठीच बनवलेला प्लगइन वापरा, आणि बॅकअप घेतल्यावरच.

पैसे स्वीकारणारी सेवा, बुकिंगची सेवा किंवा फॉर्मची सेवा तुमच्या साइटच्या जुन्या पत्त्यावर निरोप पाठवत असेल, तर तिथेही पत्ता बदला. अशा निरोपांना वळण कळेलच असं नाही. गूगल सर्च कन्सोलमध्ये नवा पत्ता नोंदवा, साइटमॅप नवा द्या.

एचएसटीएस नावाची एक सूचना सर्व्हरला लावता येते: ‘यापुढे इतके दिवस माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनेच या.’ चांगली आहे, पण लगेच वर्षभराची लावू नका. ती लागू असताना प्रमाणपत्र बिघडलं, तर ग्राहकाला इशारा ओलांडून आत यायचाही पर्याय उरत नाही. एका दिवसापासून सुरू करा, दोन-तीन नूतनीकरणं निर्विघ्न झाल्यावर वाढवा.

८. नूतनीकरणाची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाका

माझ्या साइटचं पहिलं नूतनीकरण आपोआप झालं आणि मी निर्धास्त झालो. पुढे ईमेलची सेवा बदलताना डीएनएसमधल्या ‘नको असलेल्या’ नोंदी मी साफ केल्या. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंदही गेली. साइट त्याशिवायच्या पत्त्यावर उघडत होती, त्यामुळे काहीच जाणवलं नाही. पण प्रमाणपत्र दोन्ही नावांचं होतं. नूतनीकरणाच्या वेळी एक नाव सापडेना, म्हणून दोन्ही नावांचं नूतनीकरण फसलं. रोज प्रयत्न होत होता, रोज फसत होता. तशी सूचना होस्टिंगकडून येतही होती, मी बघणं सोडून दिलेल्या ईमेलवर. मुदत संपली त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक ग्राहकाला लाल त्रिकोणाचं पान दिसलं. आम्हाला कळलं ते संध्याकाळी, फोन का येत नाहीत म्हणून स्वतः साइट उघडली तेव्हा.

म्हणून हे करा. स्वयंचलित नूतनीकरण बहुधा तिसरा हिस्सा मुदत उरली की होतं, म्हणजे ९० दिवसांच्या प्रमाणपत्राला ३० दिवस बाकी असताना. तेव्हा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये संपण्याच्या २० दिवस आधीची आठवण लावा. त्या दिवशी ब्राउझरमध्ये तारीख उघडून बघा. ती पुढे सरकली नसेल तर काहीतरी अडलंय आणि दुरुस्त करायला तुमच्याकडे पूर्ण २० दिवस आहेत. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं, ते जून २०२५ पासून बंद झालं. जुने लेख वाचून त्या ईमेलची वाट बघू नका. साइटवर लक्ष ठेवणाऱ्या काही मोफत सेवा प्रमाणपत्राची तारीखही बघतात. एखादी लावून ठेवा.

स्वतःचा सर्व्हर असणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. प्रमाणपत्र नवं झालं, फाइलही आली, तरी वेब सर्व्हर जुनंच दाखवत राहतो असं होतं, कारण त्याला पुन्हा वाचायला कुणी सांगितलेलं नसतं. सर्टबॉटमध्ये नूतनीकरणानंतर सर्व्हर रीलोड करण्याची आज्ञा जोडून ठेवा, आणि तारीख सर्व्हरवरच्या फाइलमध्ये न बघता ब्राउझरमध्ये बघा.

९. दुसऱ्याच्या फोनवरून तपासा

तुमच्या संगणकाने जुन्या भेटींतलं बरंच काही साठवून ठेवलेलं असतं, त्यामुळे तो खरी स्थिती दाखवत नाही. पहिल्या टप्प्यातले चारही पत्ते मोबाइल डेटावर, दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडा. फॉर्म भरून पाठवा आणि निरोप तुमच्यापर्यंत पोचला का ते बघा. मग क्वालिसच्या एसएसएल लॅब्स या मोफत तपासणीत डोमेन टाका. तिथे ‘साखळी अपुरी’ अशा अर्थाचा शेरा आला तर तो सोडून देऊ नका. तुमचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेशी जोडणारं मधलं प्रमाणपत्र सर्व्हर सोबत पाठवत नाही, असा त्याचा अर्थ. संगणकावरचे बरेच ब्राउझर ती उणीव स्वतः भरून काढतात, काही मोबाइल आणि ॲप भरत नाहीत. तुम्हाला सगळं छान दिसतं आणि काही ग्राहकांना इशारा येत राहतो. विकतचं प्रमाणपत्र हाताने चिकटवताना ही चूक फार होते.

शेवटी एका कागदावर पाच ओळी लिहा: प्रमाणपत्र कुणी दिलं, कोणकोणत्या नावांसाठी, कुठल्या पॅनलमधून नवं होतं, सूचना कोणत्या ईमेलवर येते, आणि आठवण कुणाच्या फोनमध्ये लावली आहे. तो कागद साइटच्या लॉगिनसोबत ठेवा. ती आठवण ज्याच्या फोनमध्ये आहे तो काम सोडून गेला, तर पाचवी ओळ त्याच दिवशी बदला.